सावंतवाडीच्या गोल गंजिफ्याची वंशावळ

सावंतवाडीची ओळख बहुतेकांना लाकडी फळांमुळे आणि रंगीत खेळण्यांमुळे असते. मोती तलावाच्या परिसरातून चितारआळीत शिरले की आंबे, काजू, केळी, पाट, पाळणे आणि भातुकली यांच्या गर्दीत मधूनच एखादी चित्र काढलेली लहान लाकडी पेटी दिसते. सरकते झाकण बाजूला केले, तर आत तळहातात मावणाऱ्या गोल चकत्यांचा जुडगा निघतो. कुणा चकतीवर सिंहासनावर बसलेला चतुर्भुज देव आणि दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणारे सेवक असतात. कुणावर घोड्यावर स्वार झालेला सरदार असतो. आणि बहुतेक चकत्यांवर एकच चिन्ह पुन्हा पुन्हा काढलेले असते, म्हणजे कुठे सात मासे, कुठे नऊ परशू. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही पूजेची किंवा सजावटीची वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती पत्त्यांची जोडी आहे आणि तिचे नाव दशावतारी गंजिफा.

देवाचे चित्र, गोल आकार आणि पत्त्यांसारखी काहीशी बदनाम करमणूक हे तिन्ही एकत्र आले कसे, हा प्रश्न कुणालाही पडेल. या प्रश्नाची दोन तयार उत्तरे प्रचारात आहेत. एका उत्तरानुसार हा खेळ मूळचा भारतीय असून विष्णूच्या दहा अवतारांइतकाच आपल्या परंपरेत मुरलेला आहे. दुसऱ्या उत्तरानुसार तो सरळ इराणातून आलेला मोगलांचा खेळ आहे आणि त्यावर देवांची चित्रे नुसती चिकटवलेली आहेत. दोन्ही उत्तरे चित्रांकडे पाहून दिलेली आहेत, आणि माझ्या मते गडबड तिथेच होते. पत्त्यांचे मूळ शोधायचे असेल तर चित्रे सर्वांत शेवटी पाहावीत. चित्रकार बदलला की चित्र बदलते; राजा बदलला, धर्म बदलला, गिऱ्हाईक बदलले तरी चित्र बदलते. मात्र चार माणसे एकत्र बसून खेळतात तो खेळ, त्याची मोजणी आणि त्याचे नियम सहजासहजी बदलत नाहीत, कारण ते बदलायचे तर सगळ्यांनी एकाच वेळी नवे नियम पाठ करावे लागतात.

म्हणून आधी सांगाडा समजून घेऊ. दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात. त्यांचे दहा रंग, म्हणजे दहा अवतार: मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. प्रत्येक रंगात बारा पाने असतात. सर्वांत वरचा राजा, त्याच्या खालोखाल प्रधान किंवा वजीर, आणि मग एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आकड्यांची पाने. प्रत्येक रंगाच्या पार्श्वभूमीचा रंग वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे हातातली पाने पंख्यासारखी धरली तरी नुसत्या कडेवरून अवतार ओळखता येतो. चिन्हेही ठरलेली असतात, पण ती गावोगावी थोडी बदलतात. मत्स्याला मासा आणि कूर्माला कासव हे सगळीकडे सारखे; वामनाला बहुधा कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण. काही अवतारांच्या बाबतीत मात्र एका गावचा शंख दुसऱ्या गावी दुसऱ्याच रंगात गेलेला दिसतो, त्यामुळे जुनी सुटी पाने हाती आली तर त्यांचा अवतार ठरवताना जाणकारही थबकतात.

खेळ साधारणपणे तिघांचा. पाने पिसून वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस येतात. एकाने पान टाकायचे, बाकीच्यांनी आपापले पान टाकायचे आणि वरचढ पान ज्याचे असेल त्याने हात उचलायचा, ही पद्धत आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखीच आहे. फरक असा, की गंजिफ्यात हुकूम नसतो. एका रंगाने दुसऱ्या रंगाला कापायची सोय नसल्यामुळे नशिबाचा भाग कमी होतो आणि स्मरणशक्तीचा वाढतो. कोणते पान पडून गेले, कोणता राजा अजून कुणाच्या हातात दबा धरून बसला आहे आणि त्यामुळे आपला प्रधान आता सुरक्षित झाला आहे की नाही, हे १२० पानांच्या बाबतीत सतत ध्यानात ठेवावे लागते. मुरलेला खेळाडू पडलेली प्रत्येक चकती मनात नोंदवत जातो आणि नवशिक्या शेजारी बसून नुसती चित्रे पाहत राहतो.

या सांगाड्यात तीन गोष्टी चमत्कारिक आहेत. पहिली, राजा आणि प्रधान आहेत, पण राणी नाही. दुसरी, आकड्यांचा क्रम सगळ्या रंगांत सारखा नाही. पाच रंगांत राजा आणि प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, मग नव्वी, असे उतरत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे, म्हणजे प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. तिसरी, डाव दिवसा मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची आणि रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. या तीन गोष्टींचे स्पष्टीकरण दशावताराच्या कथेत सापडत नाही. मत्स्यावताराच्या कथेत असे काहीही नाही, की ज्यामुळे एका माशाने नऊ माशांवर मात करावी किंवा नऊ माशांनी एकावर.

पूर्णपणे भारतीय मुळाचा पुरस्कार करणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव बंगालचे विद्वान हरप्रसाद शास्त्री यांचे. बंगालमधील विष्णुपूर येथे मल्ल राजांच्या आश्रयाने असेच गोल दशावतारी पत्ते तयार होत असत आणि तिथले चित्रकार आजही ते करतात. शास्त्रींनी १८९५ मध्ये या पत्त्यांवर एक टिपण लिहिले. विष्णुपूरच्या क्रमात बुद्ध नवव्या जागी नसून पाचव्या जागी येतो, हे त्यांच्या नजरेत भरले. अवतारांचा आजचा क्रम पक्का होण्यापूर्वी हा खेळ तयार झाला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला आणि खेळाचे वय अकराशे-बाराशे वर्षे ठरवले. तर्क चतुर आहे आणि अशा बारीक निरीक्षणाबद्दल शास्त्रींचे ऋण मानलेच पाहिजे. पण तो टिकत नाही. खेळातील रंगांचा क्रम हा कालगणनेचा क्रम असतोच असे नाही. दहा रंगांचे पाच-पाचांचे दोन गट पाडायचे म्हटल्यावर कोण कुठल्या गटात जाईल, हे खेळाच्या सोयीने ठरू शकते. शिवाय अकराशे वर्षांपूर्वीच्या भारतात पत्ते खेळले जात होते, याला दुसरीकडून दुजोरा मिळत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्याने बुद्धिबळ, फासे, कवड्या, प्राण्यांच्या झुंजी यांची रेलचेल मांडली आहे. पत्ते मात्र त्यात नाहीत. दख्खनच्या दरबारात हा खेळ असता तर इतक्या हौशी राजाच्या नजरेतून तो सुटला नसता.

भारताशी जोडलेली गंजिफ्याची ठाम जुनी नोंद बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठवला; शाह हसनला त्याची आवड होती आणि त्याने तो मागितला होता, असे बाबर लिहितो. नोंद दोन-तीन ओळींचीच आहे, पण तिच्यातून बरेच कळते. खेळ दोघांनाही आधीपासून माहीत होता. पाने मागवावी लागत होती, म्हणजे ती जागोजागी तयार होत नव्हती. आणि ती देण्याघेण्याजोगी मौल्यवान वस्तू होती. त्याच सुमारास इराणमध्ये अहली शिराझी (मृत्यू १५३५) या कवीने गंजिफ्याच्या पानांवर फारसी पद्यरचना केली. त्यात आठ रंग आहेत आणि पानागणिक एक अशी ९६ पदे आहेत. आठ रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण ९६, हाच पुढे ‘मोगली गंजिफा’ या नावाने ओळखला गेलेला प्रकार. त्याचे रंग दरबार आणि खजिना यांभोवती फिरतात: ताज, म्हणजे मुकुट, सफेद, म्हणजे रुप्याचे नाणे, शमशेर, गुलाम, चंग हे वाद्य, सुर्ख, म्हणजे सोन्याचे नाणे, बरात, म्हणजे हुकूमनामा किंवा हुंडी, आणि किमाश, म्हणजे मालाचे गाठोडे.

आता दशावतारी सांगाड्यातल्या त्या तीन चमत्कारिक गोष्टी या आठ रंगांच्या खेळात शोधून पाहा. इथेही राजा (मीर) आणि वजीर आहेत, राणी नाही. इथेही अर्ध्या रंगांत, म्हणजे चार रंगांत, दश्शी मोठी आणि उरलेल्या चारांत एक्का मोठा. आणि इथेही दिवसा एका रंगाचा राजा सुरुवात करतो, रात्री दुसऱ्याचा: दिवसा सुर्ख, रात्री सफेद. सोन्याचे नाणे हे सूर्याचे प्रतीक आणि रुप्याचे चंद्राचे, म्हणून दिवसाचा मान सोन्याला आणि रात्रीचा रुप्याला. राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी, हे लक्षात घेतले की दशावतारी खेळातला तो विचित्र नियम एकदम उलगडतो. ज्या कुणा कल्पक माणसाने आठ रंगांच्या जागी दहा अवतार बसवले, त्याने दिवसरात्रीचा जुना नियम मोडला नाही. त्याने त्याला शोभतील असे दोन अवतार निवडले. हा माझा तर्क आहे हे मान्य, पण दहा अवतारांतून नेमके हे दोघे योगायोगाने निवडले गेले असे मानणे मला जास्त कठीण वाटते.

मग दहा अवतार त्यात कधी शिरले? इथे ‘आईन-इ-अकबरी’ उपयोगी पडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने या ग्रंथात गंजिफ्याचे सविस्तर वर्णन दिले आहे. त्यात बारा रंग आणि १४४ पानांचा एक प्रकार येतो आणि तो पूर्वीच्या जाणत्यांनी रचला, असे तो सांगतो. रंगांची नावे अस्सल देशी आहेत: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती असे करत शेवटी वनपती आणि अहिपती. अश्वपतीचा राजा घोड्यावर, दिल्लीच्या बादशहासारखा. गजपतीचा हत्तीवर, ओरिसाच्या राजासारखा. नरपतीचा राजा विजापूरच्या सुलतानासारखा. अकबराने या रंगांत स्वतःचे फेरबदल केले, त्यांचीही यादी तिथे आहे. या वर्णनात दशावताराचा उल्लेख नाही. पण बाबराच्या नोंदीनंतर पाऊणशे वर्षे उलटण्याच्या आत हिंदुस्थानात पानांवर देशी कल्पना स्थिरावू लागल्या होत्या आणि रंगांची संख्या आठाची बारा करायला कुणाला संकोच वाटत नव्हता, एवढे त्यातून नक्की दिसते. दर रंगाला बारा पाने हा हिशेब मात्र कुणी सोडला नाही. आठ रंगांचे ९६, नवग्रहांचे १०८, दहा अवतारांचे १२०, बारा पतींचे १४४, असा हा सरळ पाढा आहे.

आणखी मागे गेले की वाट इराणच्याही पलीकडे जाते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातील हाताने रंगवलेली पत्त्यांची एक जोडी आहे. १९३० च्या दशकात ती अभ्यासकांसमोर आली. काही पाने गहाळ असली तरी मूळ रचना कळते: चार रंग, म्हणजे प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या; प्रत्येक रंगात तेरा पाने, म्हणजे दहा आकडे आणि त्यांवर राजा, नायब आणि दुय्यम नायब. एकूण ५२. इथेही राणी नाहीच. मामलूक इतिहासकारांच्या लेखनात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलतानाच्या खेळाला ‘कंजीफा’ म्हटलेले आढळते, म्हणजे नावही तेच. युरोपात पत्त्यांचे उल्लेख अचानक १३७० च्या दशकात सुरू होतात; १३७७ मध्ये फ्लोरेन्सने त्यांवर निर्बंध घातले. प्याले, नाणी, तलवारी आणि काठ्या हेच चार रंग इटली आणि स्पेनच्या पत्त्यांवर आजही आहेत. आपण ज्यांना इंग्रजी पत्ते म्हणतो, त्यांचे बदाम, किलवर, चौकट आणि इस्पिक हे फ्रान्समध्ये नंतर आलेले सोपे रूप, आणि राणीही युरोपातच पत्त्यांत शिरली. म्हणजे सावंतवाडीची गोल चकती आणि आपल्याकडचा चौकोनी बावन्न पानांचा कॅट यांचे नाते चुलत भावंडांचे आहे. एक शाखा पश्चिमेला गेली आणि चौकोनी ठोकळ्यांनी छापली गेली. दुसरी पूर्वेला आली आणि गोल झाली.

हे नाते नुसत्या चिन्हांवरून सांगितले तर कुणी शंका घेईल. पण इथे तो उलट्या क्रमाचा नियम साक्षीला उभा राहतो. स्पेनमधून युरोपभर पसरलेल्या ओंब्रे या जुन्या खेळात आणि टॅरोच्या मूळ खेळात (आज भविष्य सांगण्यासाठी वापरतात तो टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ होता) तलवारी आणि काठ्या या रंगांत मोठा आकडा मोठा, तर प्याले आणि नाणी या रंगांत लहान आकडा मोठा. म्हणजे अर्धे रंग सुलटे, अर्धे उलटे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी टॅरोच्या इतिहासावर काम करताना या साम्यावर बोट ठेवले. असा आडवळणी नियम माद्रिदमध्ये आणि दख्खनमध्ये स्वतंत्रपणे सुचणे जवळजवळ अशक्य. तो दोन्हीकडे एकाच पूर्वजाकडून आला असला पाहिजे.

तो पूर्वज कुठला, याचे बोट बहुतेक अभ्यासक चीनकडे दाखवतात. कागद आणि ठसेछपाई तिथली. पत्त्यांवर जुगार खेळणाऱ्यांना पकडल्याची १२९४ ची सरकारी नोंदही तिथलीच. चीनचे जुने पत्ते पैशाच्या परिमाणांवर रचलेले होते: सुटी नाणी, नाण्यांच्या माळा, दहा हजारांचे गठ्ठे. मिंग काळातील मातियाओ या खेळात सुट्या नाण्यांच्या रंगाचा क्रम बाकीच्यांच्या उलटा असे. तिथे सर्वांत वरचढ पान रिकामे, म्हणजे शून्य नाण्यांचे होते आणि नऊ नाण्यांचे सर्वांत हलके. मंगोल साम्राज्याच्या काळात चीन, इराण आणि पश्चिम आशिया यांच्यात माणसे, कागद आणि चैनीच्या वस्तू अखंड ये-जा करत होत्या, तेव्हा पत्तेही त्याच वाटेने निघाले असणे स्वाभाविक आहे. एकदा का हे मान्य केले, की मत्स्याच्या रंगातली नव्वी आणि एक्का यांच्यातील मोठेपणाचा प्रश्न पुराणांत शोधण्याची गरज उरत नाही.

मग सावंतवाडीचे त्यात काय? सांगाडा परका असल्याने सावंतवाडीच्या गंजिफ्याचे मोल कमी होते, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकीचा ठरेल. भारतात या खेळाचे जे झाले ते जगात इतरत्र कुठे झाले नाही. इराणात आणि इजिप्तमध्ये हा प्रकार विझला. भारतात त्याला प्रांतागणिक नवे शरीर मिळाले. ओडिशात त्याचा ‘गंजपा’ झाला, रघुराजपूरच्या पटचित्रकारांनी तो आपल्या शैलीत घेतला, रामायणावर आधारलेले प्रकार तयार केले आणि नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथाला बसवले. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांवरील दशावतारात नवव्या जागी कटीवर कर ठेवलेला विठोबा येतो, तसाच हा प्रकार: ज्या प्रांताचा जो लाडका देव, तो तिथला नववा अवतार. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी (१७९४–१८६८) तर शेकडो पानांचे, डोके चक्रावून टाकणारे नवनवे प्रकार रचून त्यांचे ग्रंथात वर्णन करवून घेतले; ते खेळण्यापेक्षा मिरवण्यासाठी जास्त असावेत असे मला नेहमी वाटत आले आहे.

सावंतवाडीत गंजिफा आला तो तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या काळात, असे संस्थानची परंपरा सांगते. धर्मचर्चेसाठी दरबारात आलेल्या तेलंगणातील विद्वान ब्राह्मणांनी हा खेळ दाखवला, राजाला तो आवडला आणि स्थानिक चिताऱ्यांना त्याची पाने करायला सांगितले, अशी ही हकीकत. ती लिखित पुराव्यापेक्षा स्मृतीवर उभी आहे, तरीही ती मला विश्वासार्ह वाटते. अशा दंतकथा सहसा गौरवासाठी रचल्या जातात आणि त्यांत वस्तू ‘आमच्याकडेच जन्मली’ असे सांगितले जाते. इथे मात्र संस्थान स्वतःच सांगते, की ही गोष्ट आमच्याकडे बाहेरून आली. शिवाय तेलंगणात निर्मळसारख्या ठिकाणी गंजिफे रंगवण्याची परंपरा खरोखरच होती. सावंतवाडीत लाखकाम आणि लाकूडकाम करणारा चितारी समाज आधीपासून होता, म्हणून बाहेरून आलेली कल्पना उतरवून घ्यायला हात तयार होते. आणि ज्या मुलखात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उजाडेपर्यंत चालते, तिथे परशुराम कोण आणि कल्की कोण, हे खेळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

पाने करण्याची जुनी रीत पाहिली की या वस्तूचे लोककलापण समजते. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या पाठीच्या पातळ चकत्यांवर बारीक काम होत असे. त्याला दरबारी कलम म्हणत. सामान्यांसाठी होते ते बाजार कलम. त्यात कागदाचे किंवा जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वाळल्यावर गोल कापायचे, वर खडूची पूड आणि खळ यांचा हात द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटून घोटून पृष्ठभाग असा करायचा की कुंचला अडखळू नये. मग पार्श्वभूमीचा रंग, त्यावर कडेचे वर्तुळ, मग चिन्हे आणि सर्वांत शेवटी डोळ्यांच्या व दागिन्यांच्या काळ्या-पांढऱ्या रेघा. अखेरीस लाखेचा हात दिला की चकतीला तकाकी येते, ती ताठ होते आणि घामट हातांतही टिकते. पाठ एकाच रंगाची ठेवायची, कारण पाठीवर खूण राहिली तर खेळच संपला. १२० पाने रंगवताना चितारी एक पान पुरे करून पुढचे हाती घेत नाही. आधी सगळ्यांची पार्श्वभूमी, मग सगळ्यांच्या कडा, असे तो करत जातो. त्यामुळे दश्शीवरचे दहा मासे एकसारख्या सराईत फटकाऱ्यात उतरतात. त्या झपाट्यातच त्यांची गंमत आहे. संग्रहालयातल्या हस्तिदंती पानांवरचे काम अधिक नाजूक असते हे खरे, पण बाजार कलमातला मासा जास्त जिवंत दिसतो, हे माझे वैयक्तिक मत मी सोडायला तयार नाही.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले स्वस्त विलायती पत्ते बाजारात आले आणि गंजिफा मागे पडला. बावन्न पाने लक्षात ठेवायला सोपी, खिशात मावणारी, फाटली तर नवी घेता येणारी. हाताने रंगवलेल्या १२० चकत्या या स्पर्धेत टिकणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीत ही कला जाणणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या पिढीतील चिताऱ्याकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली आणि गावातील तरुणांना कामाला बसवले. आज राजवाड्यात जाणाऱ्याला दरबार सभागृहात खाली मान घालून चकत्या रंगवणारे कारागीर दिसतात, ती या प्रयत्नाची फलश्रुती. त्याच काळात मुंबईत वास्तव्य केलेले जर्मन संग्राहक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी देशभरातून गंजिफे जमवून त्यांचे प्रांतवार वर्गीकरण केले. आज आपण सावंतवाडी, विष्णुपूर आणि ओडिशा यांच्या शैली वेगळ्या ओळखू शकतो, त्याचे बरेच श्रेय त्यांच्या कामाला जाते.

पुनरुज्जीवन चित्रांचे झाले, खेळाचे तितके झाले नाही. बहुतेक गिऱ्हाईक गंजिफा भिंतीवर लावण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी घेते, त्यामुळे कार्यशाळेला सुटी राजा-पाने, लग्नपत्रिका, तबके आणि गोल चकत्यांवरचे बावन्न पानी पत्ते असे प्रकारही करावे लागतात. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या कलेने आठाचे दहा आणि दहाचे बारा रंग केले, तिला गिऱ्हाइकाप्रमाणे बदलणे नवे नाही. काळजी वाटते ती नियमांची. वंशावळीचा सर्वांत भक्कम पुरावा नियमांत आहे आणि तेच आता सर्वांत कमी लोकांना येतात.

कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावर अशी पेटी सापडली, तर ती ओळखण्याची रीत अवघड नाही. आधी पाने मोजावीत: ९६ च्या आसपास असतील तर मोगली, १०८ च्या आसपास असतील तर नवग्रहांची शक्यता, १२० च्या आसपास असतील तर दशावतारी. जुन्या जोडीतले एखाददुसरे पान हरवून नंतर वेगळ्या हाताने रंगवून घातलेले असते, तेही पाहावे. अशी पाने जोडी खरोखर खेळली गेल्याची खूण असतात. मग पार्श्वभूमीच्या रंगाप्रमाणे ढिगारे करावेत, प्रत्येक ढिगाऱ्यात सिंहासनावरचा राजा आणि घोड्यावरचा प्रधान आहे का ते पाहावे आणि चिन्हे नोंदवावीत. पाने पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नयेत, कारण लाखेचा थर तडकलेला असेल तर खालचा खडू ओल धरतो आणि रंग सुटतो. कोरडा मऊ कुंचला पुरेसा असतो. घरात कुणी वयोवृद्ध माणूस असेल, तर पाने मांडून त्याला एवढेच विचारावे, की दिवसा कुणाच्या राजाने डाव सुरू करायचे आणि कोणत्या रंगांत एक्का मोठा धरायचे. आणि जे उत्तर मिळेल ते पेटीच्या झाकणात चिठ्ठीवर लिहून ठेवावे.